मलेशियातले भारतीय चिन्यांच्या मागे का राहिले?

एका वाचकाने विचारलं आहे: "मलेशियात चिनी आणि भारतीय दोघंही बाहेरून आलेले, दोघंही इंग्रजांच्या काळात आलेले, दोघंही सुरुवातीला मजूरच. मग आज चिनी श्रीमंत आणि भारतीय मागे, याचं कारण चिन्यांची व्यापारी वृत्ती आणि आपल्या लोकांची नोकरीची मानसिकता हेच ना?"

कुटुंबांचं उत्पन्न आणि मालमत्ता मोजणाऱ्या पाहण्यांवर काम करणं हा माझा व्यवसाय आहे आणि त्यातली बरीच वर्षं मलेशियाच्या आकड्यांवर गेली आहेत. हा प्रश्न मला मराठी माणसांकडून अनेकदा ऐकायला मिळतो. त्यामागे आपल्याच धंदा-नोकरी वादाची छाया असते, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी आकडे. १९७० साली मलेशियाच्या द्वीपकल्पीय भागात मलाय (तिथला मूळचा समाज) कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न सुमारे १७२ रिंगिट होतं, भारतीय कुटुंबाचं ३०४ आणि चिनी कुटुंबाचं ३९४. २०१९ च्या पाहणीत भूमिपुत्र (यात मलायांबरोबर बोर्निओ बेटावरच्या सबाह-सारावाकचे मूळ रहिवासीही येतात) कुटुंबाची सरासरी ७,०९३ रिंगिट, भारतीयांची ८,२१६ आणि चिन्यांची ९,८९५. चौकटी पूर्णपणे सारख्या नाहीत, तरी गुणोत्तर काढून पाहा. चिन्यांच्या १०० रिंगिटमागे मलायांकडे १९७० मध्ये ४४ होते, ते सुमारे ७२ झाले. भारतीयांकडे ७७ होते, ते ८३ झाले. म्हणजे भारतीय आजही मधल्या पायरीवर आहेत, तळाला नाहीत. "मलेशियातले भारतीय सगळ्यात गरीब" असं सरसकट विधान या आकड्यांत बसत नाही. पण जवळपास अर्धशतकात त्यांचं चिन्यांपासूनचं अंतर फारसं हललंही नाही, आणि तेही देश झपाट्याने औद्योगिक होत असताना.

मालकीचे आकडे याहून बोलके आहेत. १९७० साली कंपन्यांच्या भागभांडवलात परदेशी मालकी ६३ टक्क्यांवर होती, चिन्यांची २७ टक्क्यांच्या आसपास, मलायांची २.४ टक्के आणि भारतीयांची १.१ टक्का. १९९० साली चिन्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत गेला, भूमिपुत्रांचा १९ टक्क्यांवर आला आणि भारतीयांचा १ टक्क्यावरच राहिला. महिन्याच्या कमाईत मधली पायरी आणि मालकीत जवळजवळ शून्य. हा विरोधाभास उलगडला की बरंचसं उत्तर हाती येतं.

वृत्तीचा मुद्दा मी लवकर बाजूला ठेवतो, कारण खुद्द मलायातच, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या द्वीपकल्पीय मलेशियात, त्याला छेद देणारं उदाहरण आहे. नाट्टुकोट्टई चेट्टियार हेही तमिळच. ब्रह्मदेश, सिलोन आणि मलाया या तिन्ही ठिकाणी सावकारीचं एवढं मोठं जाळं त्यांच्याइतकं कुशलतेने चालवणारे थोडेच होते. त्यांच्या कर्जावर चिनी खाणवाले आणि मलाय जमीनधारक दोघंही अवलंबून असत. उलट दिशेने पाहायचं तर १८४७ ते १८७४ या काळात क्यूबाच्या उसाच्या मळ्यांत करारावर नेलेले लाखाहून अधिक चिनी मजूर तिथे धनाढ्य समाज म्हणून उभे राहिले नाहीत. माणसं त्याच देशातली, पण उतरली वेगळ्या जागी. तेव्हा पाहायचं ते हे की कोण कुठे उतरलं, त्या जागेचा मालक कोण होता, आणि तिथून बाहेर पडायला कोणती वाट होती.

चिनी मजूर उतरला तो कथलाच्या खाणींवर. आधी पेराकमधलं लारुत, मग इपोहभोवतीचं किंता खोरं आणि सेलांगोर. क्वालालंपूर शहराची सुरुवातच १८५७ मध्ये कथील शोधायला नदीने वर आलेल्या चिनी मजुरांच्या वस्तीतून झाली. या मजुराचं आयुष्य सुखाचं होतं असं कुणी समजू नये. तो प्रवासखर्चाच्या कर्जात अडकून यायचा, मलेरियाने मरायचा, आणि त्याची कमाई अफू व जुगाराच्या मक्त्यांत परत जायची. १८६० आणि ७० च्या दशकांत लारुतमध्ये चिनी टोळ्यांच्या आपसात लढाया झाल्या. मात्र त्याच्यावर कर्ज होतं ते चिनी तौकेचं, म्हणजे धनिक व्यापाऱ्याचं, खाण चिन्याची, अफूचा मक्ता चिन्याचा, दुकान चिन्याचं. मजुराला पिळून काढलेला पैसा त्याच गावात राहायचा आणि पुढच्या खाणीत, भातगिरणीत, रबराच्या जमिनीत गुंतायचा. अनेक खाणींत मजुरी ठरावीक नसून उत्पन्नात हिस्सा असे. खाण लागली तर मजूर चार पैसे घेऊन बाहेर पडू शकत असे, आणि बाहेर पडून जायला गाव होतं. तिथे त्याच्याच बोलीचे लोक, त्याच्याच कुळाची किंवा जिल्ह्याची संघटना, उधारीवर माल देणारा घाऊक व्यापारी. १८९६ मध्ये मलाक्कात पहिली व्यापारी रबर लागवड केली ती तान चाय यान या चिनी व्यापाऱ्यानेच.

तमिळ मजूर उतरला तो मळ्यावर. आधी प्रॉव्हिन्स वेलस्लीतले उसाचे मळे, मग विसाव्या शतकात रबर. करारबद्ध मजुरी १९१० मध्ये बंद झाली आणि कंगाणी पद्धत मुख्य झाली. कंगाणी म्हणजे आपल्या ऊसतोडीच्या मुकादमासारखाच. मळ्यावरचा एक जुना माणूस गावी परत पाठवायचा, त्याने उचल देऊन आपल्या जातीतली, नात्यातली माणसं आणायची आणि हजेरीमागे कमिशन घ्यायचं. मळा जंगल तोडून केलेला, गावापासून मैलोन्‌मैल दूर. मालक लंडनमध्ये नोंदलेली कंपनी, तिचं काम पाहणाऱ्या गथ्री, हॅरिसन्स अँड क्रॉसफील्ड यांच्यासारख्या एजन्सी. नफा दरवर्षी समुद्रापार जायचा. मजुराला राहायला लाइनीतली खोली, मळ्यावरचंच दुकान, मळ्यावरचाच ताडीचा गुत्ता, मळ्यावरचीच शाळा. मजुरी रोजावर, आणि तीही सरकार व मळेवाले मिळून ठरवणार. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुरुषाला दिवसाला ५० सेंट आणि बाईला ४० सेंट हा प्रमाण दर होता. त्याच काळात चिनी चीक काढणारे ठेकेदारामार्फत कामाच्या मापावर पैसे घेत आणि जास्त कमावत, कारण त्यांना मळा सोडून खाणीवर किंवा गावात जाता येत होतं. तमिळ मजुराला तशी दुसरी जागा नव्हती.

मंदीत हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसला. १९३० ते ३२ मध्ये रबर आणि कथील दोन्ही कोसळले. काम गेलेले हजारो चिनी खाणमजूर खाणींच्या कडेच्या पडीक जमिनीवर बसले, भाजीपाला लावला, डुकरं पाळली. बेकायदा का होईना, पण हाताला जमीन होती आणि माल विकायला शेजारी गाव होतं. काम गेलेल्या लाखाहून अधिक भारतीयांना मात्र जहाजात बसवून मद्रास इलाख्यात परत पाठवलं गेलं, आणि बाजार सुधारल्यावर पुन्हा भरती सुरू झाली. मळेवाल्यांनी मजुरी परत कमी करायला घेतली तेव्हा १९३८ मध्ये भारत सरकारने अकुशल मजुरांच्या मलायातल्या भरतीवर बंदी घातली. दर मंदीला एक पिढी मुळासकट उपटली जात असेल तर तिची बचत, ओळखी आणि जमिनीवरचा हक्क साचणार कसा?

इथे कुणी म्हणेल, चेट्टियारांचं भांडवल होतं की, मग ते तमिळ मजुराच्या उपयोगी का पडलं नाही? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. चेट्टियार तारण घेऊन कर्ज देत. मजुराकडे तारण ठेवायला काहीच नव्हतं. शिवाय चेट्टियार पेढीचं कुटुंब आणि घर चेट्टिनाडमध्ये, मुनीम काही वर्षांसाठी येणार आणि बदलून जाणार, नफा घरी जाणार. मळ्यावरच्या मजुरांत दलित जातींचा मोठा हिस्सा होता, आणि सावकार व मजूर यांच्यात भाषा एक असली तरी रोटी, बेटी, सोबत काहीच एक नव्हतं. "भारतीय" हा जनगणनेचा रकाना आहे. त्या रकान्यात चेट्टियार, श्रीलंकेतल्या जाफन्याहून आलेले रेल्वेतले तमिळ कारकून, मल्याळी हिशेबनीस, शीख पोलीस, गुजराती-सिंधी कापडवाले आणि मळ्यावरचे तमिळ-तेलुगू मजूर एकत्र टाकले जातात. यांच्यात पैसा एकाकडून दुसऱ्याकडे फारसा वाहिला नाही. चिन्यांतही होक्किएन, हक्का, कँटोनीज अशा बोलींच्या फळ्या होत्या, पण प्रत्येक फळीत तौकेपासून हमालापर्यंत उभी साखळी होती. भारतीयांत थर आडवे होते. एका समूहात सगळे कारकून, दुसऱ्यात सगळे मजूर.

भिशीचं पाहा. दोन्ही समाजांत भिशी होती. मलेशियात तिला कुटू म्हणतात आणि १९७१ पासून ती कायद्याने बंद आहे. गावातल्या चिनी भिशीत भाजीवाला, लोहार, किराणा दुकानदार, खाणीचा पुरवठादार असायचे आणि प्रत्येकाच्या तंगीचा महिना वेगळा असायचा. मळ्यावरच्या भिशीत सगळ्यांना एकाच दिवशी एकाच दराने मजुरी मिळायची. रबर पडलं की सगळे एकदमच अडचणीत. अशा भिशीतून लग्न निघतं, दुकान निघत नाही. काटकसर दोन्हीकडे सारखीच होती.

स्वातंत्र्याच्या वेळी, १९५७ मध्ये, मलायात चिनी ३७ टक्के आणि भारतीय ११ टक्के होते. सगळे चिनी सुखात होते असंही नाही. कम्युनिस्ट बंडाच्या काळात, १९५० नंतर, सुमारे पाच लाख ग्रामीण लोकांना, बहुतेक चिन्यांना, काटेरी तारांच्या "नव्या गावांत" सक्तीने हलवलं गेलं. ती मोठी यातना होती. पण त्यातून त्यांना गावठाण, शाळा, वीज आणि कालांतराने घराच्या जागेवर मर्यादित मुदतीचा का होईना हक्क मिळाला, तोही बहुधा रस्त्यालगत. मळ्यावरच्या मजुराला सरकारने असं कुठेच बसवलं नाही, कारण तो आधीच मालकाच्या लाइनीत "बसलेला" होता.

१३ मे १९६९ च्या वांशिक दंगलीनंतर १९७१ मध्ये नवं आर्थिक धोरण आलं. गरिबी हटवणं आणि वंश व व्यवसाय यांची गाठ सोडवणं ही दोन उद्दिष्टं, आणि १९९० पर्यंत भूमिपुत्रांकडे ३० टक्के मालकी हे लक्ष्य. विद्यापीठातल्या जागा, सरकारी नोकऱ्या, परवाने, कंत्राटं यांत भूमिपुत्रांना प्राधान्य मिळालं. मलायांची १९७० ची स्थिती पाहता त्यांच्यासाठी काही करणं आवश्यकच होतं, असं माझं मत आहे. पण याच धोरणाचा फटका चिनी आणि भारतीय समाजाला अगदी वेगळ्या तऱ्हेने बसला.

चिन्यांनी पर्यायी वाटा काढल्या, कारण त्यासाठी लागणारा पैसा त्यांच्याकडे होता. १९७५ च्या औद्योगिक समन्वय कायद्याने विशिष्ट आकारापुढच्या कारखान्यांना परवान्याच्या अटी लावल्या, तर पुष्कळांनी धंदा लहान ठेवला किंवा मलाय भागीदार पुढे केला. विद्यापीठात जागा मिळाली नाही तर मुलाला ऑस्ट्रेलिया, तैवान, सिंगापूरला पाठवलं. देणग्यांवर चालणाऱ्या साठ स्वतंत्र चिनी माध्यमिक शाळा टिकवल्या, आणि त्यांची एकत्रित परीक्षा १९७५ पासून सुरू आहे. मळ्यावरच्या कुटुंबापुढे यातली एकही वाट नव्हती. तमिळ शाळा पाचशेच्या वर आहेत, पण त्यांतल्या कित्येक मळ्याच्या जमिनीवर उभ्या. जमीन सरकारची नाही म्हणून त्यांना "अंशतः अनुदानित" ठरवलं गेलं. दुरुस्ती, नवी खोली, स्वच्छतागृह, सगळ्यालाच कमी पैसा. तिथून मूल मलाय माध्यमाच्या माध्यमिक शाळेत जातं, मलायमध्ये कच्चं असेल तर वाटेत भाषेसाठी एक जादा वर्ष, आणि अनेक मुलं तिथेच गळतात. चिनी शाळेतल्या मुलालाही हाच वळसा होता, मात्र त्याच्या मागे दुकान होतं.

गरिबी हटवण्याच्या योजनाही मळ्याच्या फाटकाशी थांबल्या. ग्रामीण रस्ते, पाणी, घरबांधणी ही मदत गावांसाठी होती, आणि मळा ही खासगी मालमत्ता. मजूर राहतो ग्रामीण भागात, पण कागदावर तो कंपनीची जबाबदारी. १९८१ मध्ये सरकारी गुंतवणूक संस्थेने लंडनच्या शेअर बाजारात एका सकाळीच गथ्रीचे शेअर घेऊन कंपनी ताब्यात घेतली. देशासाठी ती अभिमानाची गोष्ट होती. लाइनीतल्या खोलीवर मात्र मजुराचा हक्क आधी जितका होता तितकाच, म्हणजे काहीच नाही, राहिला.

आणि मग तोडणारा काळ आला. रबर काढून तेलताड लावला, त्याला माणसं कमी लागतात. उरलेल्या कामाला इंडोनेशिया आणि बांगलादेशातून स्वस्त मजूर आले. १९८० आणि ९० च्या दशकांत क्वालालंपूरभोवतीच्या क्लांग खोऱ्याजवळचे मळे घरबांधणी, कारखाने, गोल्फची मैदानं यांसाठी विकले गेले. मालकाला जमिनीची वाढलेली किंमत मिळाली. तीन-तीन पिढ्या तिथे जन्मलेल्या कुटुंबाला जुजबी भरपाई मिळाली आणि खोली खाली करण्याची नोटीस. माझ्या मते दोन समाजांतलं आजचं अंतर सर्वाधिक पक्कं केलं ते याच घटनेने. मळ्यावर नोकरी, घर, शाळा, देऊळ आणि शेजार एकाच मालकाच्या मर्जीवर उभे होते, म्हणून ते एकाच दिवशी गेले. चिनी दुकानदाराचा धंदा बुडाला तरी घर उरत असे आणि त्यावर कर्ज काढता येत असे. विस्थापित कुटुंबं शहराच्या कडेला झोपडपट्टीत आणि मग स्वस्त इमारतींत गेली. तिथे सुरक्षारक्षक, ड्रायव्हर, कारखान्यातली पाळी ही कामं मिळाली, आणि त्याही कामांत स्पर्धा परदेशी मजुराशी. अशाच वस्त्यांच्या पट्ट्यात, कांपुंग मेदानला, २००१ मध्ये हिंसा उसळली. नोव्हेंबर २००७ मध्ये हिंड्राफ या हिंदूंच्या हक्कांसाठी लढणाऱ्या आघाडीच्या हाकेवर हजारो भारतीय क्वालालंपूरच्या रस्त्यावर उतरले, तेव्हा बाहेरच्यांना धक्का बसला. मळ्यांच्या विक्रीचे कागद पाहिलेल्यांना बसला नाही.

भारतीयांनी स्वतः काही केलं नाही, हे म्हणणंही अन्यायाचं आहे. १९६० मध्ये भारतीयांच्या पक्षाचे नेते व्ही. टी. संबंधन यांनी राष्ट्रीय भूमी वित्त सहकारी संस्था काढली. ब्रिटिश मालक मळ्यांचे तुकडे करून विकत होते, तेव्हा मजुरांनी पगारातून थोडे थोडे पैसे भरून मळे विकत घेतले आणि टिकवले. मला ही संपूर्ण कहाणीतली सगळ्यात उमेदीची गोष्ट वाटते, कारण नेमक्या दुखऱ्या जागेवर, म्हणजे मालकीवर, तिने हात ठेवला. पण घेता आले ते थोडे मळे, बाकीचे शेकडो तसेच राहिले. १९८२ मध्ये भारतीयांच्या पक्षाच्या पुढाकाराने मायका होल्डिंग्ज ही कंपनी निघाली, तिच्यात हजारो सामान्य कुटुंबांनी, काहींनी दागिने गहाण ठेवून, दहा कोटी रिंगिटहून जास्त पैसे घातले. ती डबघाईला आली. चिन्यांच्या पक्षाने १९७५ मध्ये अशीच मल्टी-पर्पज होल्डिंग्ज काढली होती, तीही १९८० च्या दशकात अडचणीत येऊन पक्षाच्या हातून गेली. १९८६ मध्ये तर ठेवी घेणाऱ्या चोवीस सहकारी संस्था गोठवल्या गेल्या आणि त्यांचे ठेवीदार मुख्यतः चिनीच होते. फसगत दोघांच्याही वाट्याला आली. चिनी समाजाच्या पैशाला बँका, दुकानं, जमिनी, कारखाने असे शंभर पाय होते, म्हणून तो सावरला. भारतीय मजुराने आयुष्यात एकदाच शेअर घेतला होता.

"पण आनंद कृष्णन आणि टोनी फर्नांडिस?" हे पुढचं वाक्य ठरलेलं असतं. आनंद कृष्णन देशातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक होते. एअरएशियाच्या फर्नांडिस यांचे वडील गोव्याचे. दोघंही मोठेच, पण दोघांचीही कहाणी मळ्याच्या लाइनीतून सुरू होत नाही. मलेशियातल्या डॉक्टर आणि वकिलांत भारतीयांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने बरंच जास्त राहिलं आहे, आणि ती घरं बहुतेक कारकून-शिक्षकांच्या इंग्रजी शिकलेल्या पिढीतून आली. भारतीयांची २०१९ ची सरासरी ८,२१६ आहे, पण मध्यक, म्हणजे बरोबर मधल्या कुटुंबाचं उत्पन्न, ५,९८१ आहे. चिन्यांचा मध्यक ७,३९१. दोन्ही समाजांत वरची मंडळी सरासरी ओढून नेतात. शिवाय भारतीय कुटुंबं मोठ्या प्रमाणावर क्लांग खोऱ्यासारख्या महाग शहरी पट्ट्यात आहेत. भूमिपुत्रांच्या आकड्यात केलांतान आणि सबाहची खेडी येतात. तेच सहा हजार रिंगिट दोन ठिकाणी दोन वेगळ्या प्रकारचं आयुष्य देतात.

तेव्हा वाचकाने अशी तुलना करायला घेतली, मलेशियाची असो वा दुसऱ्या कुठल्या देशाची, तर माझा आग्रह एवढाच की उत्पन्नाच्या तक्त्यावर थांबू नका. घर कुणाच्या नावावर आहे, ते कोणत्या पिढीत आलं, आजोबा गावात राहत होते की मालकाच्या जागेत, हे विचारा. मलेशियात मी भारतीय कुटुंबांची "आजी-आजोबा मळ्यावर" आणि "आजी-आजोबा मळ्याबाहेर" अशी फोड केली की एकाच वंशाच्या या दोन गटांत जो फरक दिसतो, त्यापुढे चिनी आणि बिगर-मळा भारतीय यांच्यातला फरक किरकोळ वाटू लागतो. सरकारी तक्ते ही फोड देत नाहीत, आणि मदतीच्या योजना त्या तक्त्यांवरच आखल्या जातात. त्यामुळे "भारतीयांसाठी" म्हणून निघालेला पैसा संस्था, कार्यक्रम आणि शहरी मध्यमवर्गापर्यंत सहज पोचतो. मळ्यावरून उठवलेल्या कुटुंबाला घराच्या मालकीचा कागद, त्यांच्या मुलांच्या शाळेला पूर्ण अनुदान आणि जन्मदाखल्यांअभावी अडकलेल्यांना नागरिकत्वाची कागदपत्रं, या तीन गोष्टी तातडीने हव्यात, आणि त्या मिळवण्यासाठी कुणाची वृत्ती बदलायची गरज नाही.